गळतीवरचं अळू

काशीहून परतलेल्या माणसाला लोक तब्येत विचारत नाहीत, ‘काय सोडून आलीस?’ असं विचारतात. काशीला जाऊन आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या नणंदेने तिथे वांगं सोडलं आणि पुढे कुणाच्याही घरी भरीत केलं की तिचं तोंड बघवत नसे. मी शहाणपणाने अळू सोडायचं ठरवून निघाले होते. अळू आवडतं, पण नसलं तरी अडत नाही. म्हणजे पुण्य पदरात आणि जिभेला झळ नाही. जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या बाईकडून याहून उदार त्यागाची अपेक्षा करू नये. तो बेत फसला. कसा फसला ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते आहे.

मंगला गौरी

माझी मावशी लग्न होऊन काशीच्या एका मराठी घरात गेली. तिचा मुलगा बाळदादा तिथल्याच एका बँकेतून निवृत्त झाला. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तो आणि कुंदावहिनी मुला-नातवंडांसकट राहतात. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर कोणी मागे सरायचं हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते गायीने नाही. पहिल्याच दिवशी मी बॅगेसकट उलट्या पावली कोपऱ्यापर्यंत गेले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या पानवाल्याने मोठ्या आपुलकीने सांगितलं की घाई असेल त्याने काशीत येऊ नये.

दादाच्या घरी मराठी बोलतात, पण ती मराठी गंगेचं पाणी प्यालेली. "नीलू, उद्या तू आराम कर, परसों आपण घाटावर जाऊ," असं दादा म्हणाला, आणि तो परसों मागचा की पुढचा हे मला विचारून घ्यावं लागलं नाही एवढंच. नातवंडं आजीला हाक मारतात मराठीत आणि भांडतात हिंदीत. कार्तिक चालू होता. संध्याकाळी पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत दिवे चढवतात, ते आम्ही गच्चीतून पाहिले. आपण आकाशकंदील दारात लावतो. इथे पितरांना वाट दिसावी म्हणून दिवा थेट आकाशाकडेच पाठवतात.

सकाळी वहिनीने चूडा-मटर केला. पोहे तेच, मटार तेच, पण फोडणीत हळद नाही; आलं, मिरची, तूप आणि वरून दुधाची साय. मी पहिला घास घेऊन जरा थांबले, कारण जीभ कांदेपोह्यांची वाट पाहत होती आणि भलतंच कुणी आलं होतं. दुसऱ्या घासाला मात्र ओळख पटली. बरोबर पुदिन्याची चटणी होती, इतकी तरतरीत की मी पुदिना कुठून आणता असं विचारलं. वहिनी म्हणाली, गावाकडच्या बाया पहाटे घेऊन येतात, तिची एक ठरलेली बाई आहे. आमच्या घरात माझ्या चौकशांना ‘पंचनामा’ म्हणतात. तो इथेही सुरू झाला आणि त्याच ओघात दादाने सांगितलं की राजातालाबच्या पुढच्या एका गावात त्याच्या ओळखीचा लल्लन म्हणून शेतकरी आहे. दादा तिकडच्या शाखेत असल्यापासूनची ओळख. लल्लनच्या बोअरवेलचं पाणी सबंध शिवार विकत घेतं. आजवर ते कच्च्या पाटाने जात असे. आता सगळ्यांनी वर्गणी काढून आणि सरकारी अनुदान मिळवून जमिनीखालून पाइप घालायचं ठरवलं आहे. खोदाई सुरू होण्याआधी दादांनी एकदा येऊन जावं असा लल्लनचा आग्रह होता.

मी म्हटलं, उद्याच जाऊ.

दादाने वहिनीकडे पाहिलं. "बघ, काशीला आली आहे आणि विश्वनाथाच्या आधी हिला बोरिंग बघायचंय."

त्याला माझं कारण ठाऊक होतं. माझं आजोळ बागलाणात, मोसम नदीच्या काठी. तिथे फड पद्धत चालते. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाण्याची दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, जायचंच नाही. पाटकरी सगळ्यांच्या रानात सारखं पाणी फिरवणार आणि सुगीला घराघरातून धान्य नेणार. लहानपणी मी त्या पाटात पाय सोडून बसत असे. पुढे तोच पाट मी फळ्यावर काढून मुलांना शिकवू लागले, आणि त्याखाली दरवर्षी एकच वाक्य लिहू लागले: जेवढी गळती, तेवढा तोटा.

राजातालाबच्या पुढे

राजातालाबचा भाजीबाजार ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलकोबी, टोमॅटो, मिरची आणि मध्येच झेंडूचे पिवळे पट्टे लागतात. शेतं इतकी लहान की आमच्याकडे एवढ्याला परसबाग म्हणतील. लल्लन आपल्या पंपाच्या खोलीबाहेर खाट टाकून बसला होता. अंगाने भरलेला, खांद्यावर गमछा, तोंडात पान, त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी थोडी विश्रांती. चहा कुल्हडमध्ये आला आणि माझा पंचनामा सुरू झाला.

पाणी तासावर विकलं जातं. पंप सुरू झाला की घड्याळ सुरू. पाणी कच्च्या पाटाने जातं. त्या पाटाला तिथे बरहा म्हणतात. पंपाशेजारच्या शेताला ते लगेच मिळतं. पण शिवाराच्या टोकाला सुदामा नावाच्या शेतकऱ्याचं रान आहे. त्याच्यापर्यंत पोचण्याआधी पाण्याला अख्खा बरहा भिजवावा लागतो. त्या भिजण्याचे पैसे सुदामाच्या माथी.

इथवर मला नवल वाटलं नाही. टोकाच्या माणसाचं रडगाणं आमच्याकडेही आहे. नवल पुढे वाटलं. सुदामा तिथेच उभा होता, सडसडीत, कमी बोलणारा. मी त्याला विचारलं की आजूबाजूला सगळ्यांनी फुलकोबी लावली आहे आणि तुम्ही मात्र दरवर्षी गहूच का करता? तो म्हणाला, गव्हाला पाण्याच्या चार-दोन पाळ्या पुरतात. कोबीला थोडं थोडं, पण घडीघडी लागतं. आणि दर खेपेला आधी बरहा प्यायला बसतो.

हे वाक्य मी तीन वेळा मनात फिरवून पाहिलं. पाणी महाग म्हणून माणूस कमी पाण्याचं पीक घेतो, एवढं मी शिकवत आले होते. पण इथे भानगड वेगळीच होती. दर खेपेचा जो ठरलेला भुर्दंड, त्याने टोकाच्या माणसाचं पीकच ठरवून टाकलं होतं. पंपाजवळचा माणूस भाजी विकून रोज हातात पैसा घेतो आणि टोकाचा वर्षातून एकदा गव्हाची रास बघतो. जमीन तीच, मेहनत तीच, फरक फक्त ओल्या होणाऱ्या मातीच्या लांबीचा.

मग लल्लनला विचारलं की बरहा गळला की तुमचे तास वाढतात, तर पाइपला तुम्ही कसे तयार झालात? प्रश्न जरा आगाऊच होता. दादा खोकला. लल्लनने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सांगितलं की पलीकडच्या शिवारात एकाने सौर पंप बसवला आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक वळायच्या आधी आपलं पाणी लांब पोचलेलं बरं. तास कमी होतील, पण शेतं वाढतील. मला हा माणूस एकदम आवडला.

बोलता बोलता मी फडाची गोष्ट सांगितली. सगळे पाटकऱ्यापाशी अडले. लल्लनने विचारलं, तो बेइमानी करत नाही का? मी म्हटलं, केली तर पुढच्या पाडव्याला गाव दुसरा नेमतं. दर पाडव्याला त्याला नव्यानेच नेमावं लागतं. "बढ़िया," लल्लन म्हणाला, आणि मागे वळून कुणाला तरी विचारलं, "सुनत हऊ?" मागे बांधावर एक बाई खुरप्याने गवत काढत होती. तिने मान वर केली नाही.

आंब्याचा तिकोना

त्या दिवशी सुदामाचंच पाणी होतं. गव्हाच्या पेरणीआधी रान भिजवतात, आपली ओलवणी, त्याला तिथे पलेवा म्हणतात. मला पाणी टोकापर्यंत कसं जातं ते डोळ्यांनी बघायचं होतं. मी बांधावरचं झेंडूचं एक फूल तोडलं आणि बरह्यात टाकलं. फुलाबरोबर आम्ही निघालो: पुढे फूल, मागे मी, माझ्या मागे सुदामा आणि सगळ्यात मागे छत्री घेतलेला दादा. काशीत फुलं पाण्यात सोडून लोक हात जोडतात. मी त्याच्या मागे घड्याळ घेऊन चालले होते.

फूल बरं चाललं होतं. पण शिवाराच्या मध्यावर आंब्याच्या झाडापाशी बरहा वळतो, तिथे ते गोल गोल फिरायला लागलं आणि थांबलं. बघते तर पाटाची एक कड खचलेली, आणि पाणी झाडाखालच्या तिकोनी तुकड्यात पसरत होतं. त्या तुकड्यात काय नव्हतं? कडेला दाट पुदिना, मध्ये कोथिंबीर, आणि झाडाच्या सावलीत अळू. कार्तिकातही थाळ्याएवढी पानं.

"अहो, इथे तर पाट फुटलाय," मी ओरडले आणि कर्तव्यबुद्धीने चिखलाचा गोळा घेऊन भगदाड बुजवायला पुढे सरले. पाय घसरला. एक चप्पल पाटात गेली आणि मी गुडघ्यापर्यंत अळवात. उठवायला खुरपं टाकून ती मघाची बाई आली. तिने मला उभं केलं, चप्पल काढून दिली, आणि माझ्या हातातला चिखलाचा गोळा हळूच काढून घेऊन बाजूला ठेवला.

सुदामा दुसरीकडे बघत होता. म्हणाला, इथे आंब्याची मुळं आहेत, माती टिकत नाही. मी आधी सुदामाकडे, मग त्या बाईकडे आणि मग अळवाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत ती माती का टिकली नाही ते मला कळलं.

बाईचं नाव दुलारी. नवरा सुरतेला यंत्रमागावर, छठच्या सणाला येतो. स्वतःची शेती नाही. आंब्याखालचा तिकोना गावाचा पडीक तुकडा, त्यावर ती पुदिना आणि अळू लावते आणि पहाटेच्या गाडीने शहरात नेऊन विकते. तिला पाण्याचा तास परवडत नाही आणि तिने कधी घेतलाही नाही. जे गळतं त्यावर तिचं चालतं. तिच्या पुदिन्याची जुडी हातात घेतली आणि वास ओळखीचा वाटला. मंगला गौरीला कुणाकडे देता का, असं विचारलं तर तिने कुंदावहिनीचं घर जिन्यासकट सांगितलं. म्हणजे काल सकाळी मी जी चटणी दोनदा मागून घेतली, ती सुदामाच्या पैशाने भिजलेली होती.

पाइप बसला की बरहा बुजणार. पाटाची जमीन ज्याची त्याच्या शेतात जाणार. गळती थांबणार. सुदामा कोबी लावणार. आणि तिकोना उन्हाळ्याच्या आधीच वाळणार. दुलारीने हे मला तक्रारीने सांगितलं नाही. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "सबके भला होत हौ, त हम का कहीं." मग वाकून पुन्हा गवत काढू लागली. मला फार वाईट वाटलं. माझ्या फळ्यावरच्या वाक्यात ही बाई कुठेच नव्हती.

परत निघताना तिने अळूची पानं केळीच्या पानात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. रात्री वहिनीने त्याचे रिकवछ केले. म्हणजे आपल्या अळूवड्याच, पण बेसनाऐवजी वाटलेली डाळ लावलेल्या, आणि तळून झाल्यावर मसाल्याच्या रश्श्यात सोडलेल्या. दादा म्हणाला, आईला कधीही आवडले नाहीत हे, ती शेवटपर्यंत चिंच-गुळाच्याच वड्या करत राहिली. मी मात्र चार खाल्ले. आमच्या आजोळी अळू न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढायचं. ते कुणी लावलं, कुणी पाणी घातलं, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आपली न्हाणी कुणी पक्की केली की मागचं अळू जातं, हे मी किती वेळा पाहिलं असेल.

अहिल्याबाई घाट

दुसऱ्या दिवशी अहिल्याबाई घाटावर स्नान केलं. थंडी अशी की संकल्प सांगताना दातांनीच अनुष्टुभ धरला. बाळदादाच्या ओळखीच्या मराठी गुरुजींनी विचारलं, "काय सोडणार?" मी म्हटलं, ठरलं होतं, आता नाही. गुरुजी म्हणाले, "सोचून ठेवा, पौर्णिमेपर्यंत आहात ना." मागे उभ्या असलेल्या वहिनीने हसू दाबलं.

मग मुन्शी घाटापर्यंत पायऱ्यांवरून चालत गेलो. समोर एवढी मोठी नदी, आणि तासाभराच्या अंतरावर माणसं पाण्याचं घड्याळ लावतात, हे काही केल्या डोक्यातून जाईना. दादा बँकेत होता तेव्हा अशा योजनांची प्रकरणं त्याच्या टेबलावरून जात. मी त्याला विचारलं, पाट पक्का झाल्यावर गळतीवर जगणाऱ्यांचं काय होतं, याचा रकाना असायचा का? तो बोटींकडे बघत म्हणाला, "असे लोक अर्जच देत नाहीत, नीलू. मग रकाना कशाला असेल?" घाटाच्या कोपऱ्यावर मलइयो मिळालं, दुधाचा नुसता फेस, केशराचा. तोंडात घातला की काही उरत नाही, आणि आणखी हवा वाटतो.

पाणसळ

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चर खणून झाला होता. पाइप बांधावर ओळीने पडलेले, आणि शहरातून आलेला मिस्त्री जोड बसवत होता. बरहा अजून होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. दुलारी तिकोन्यात नेहमीसारखी वाकलेली. या वेळी पुदिना ती मुळासकट काढत होती. विचारलं तर म्हणाली, वाळून जाण्यापेक्षा आत्ताच विकलेला बरा.

मिस्त्रीला मी माझ्या सवयीने प्रश्न विचारायला लागले. त्याने कंटाळून का होईना, उत्तरं दिली. बोअरमधून वाळू येते. पंप सुरू केल्यावर पहिलं पाणी गढूळ असतं. ते तसंच पाइपात फिरवलं तर वाळू बसून पाइप तुंबतो. म्हणून प्रत्येक वेळी पहिलं पाणी बाहेर सोडावं लागतं. त्यासाठी एक तोंड ठेवतात, त्याला झडप. ते तोंड तो सुदामाच्या कोपऱ्यात, पाइपाच्या शेवटाला ठेवणार होता.

"आणि ते पाणी कुठे जाणार?" मी विचारलं.

लल्लन म्हणाला, कुठे जायचंय, वाहून जाईल.

तिकोन्यातलं खुरपं थांबलं. दुलारी हातात पुदिन्याचा भारा घेऊन चराच्या कडेला आली. मिस्त्रीला तिने विचारलं की वाळू खाली बसते ना, मग तोंड सगळ्यात खोल जागी नको का? मिस्त्री म्हणाला, हवं तर खोल जागीच, पण शेवट हाच उताराचा शेवट आहे. दुलारी म्हणाली, "सबसे नीच त हमार तिकोना हौ. बरसात में पानी इहें लागेला."

सगळ्यात खोल जागा तिकोन्यात, हे मिस्त्रीला पटेना; त्याने नजरेनेच शिवार मोजलं आणि नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला फूल आठवलं. मी म्हटलं, माझं फूलही इथेच थांबलं होतं. त्यावर मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पण बाई शहरातली, वर दादांची पाहुणी. त्याने नाइलाजाने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, आपली पाणसळ. एक टोक सुदामाच्या कोपऱ्यात, दुसरं आंब्याखाली धरलं. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं आणि मिस्त्री पाइप मोजायला गेला. आंब्याखालचीच जागा खोल निघाली.

तोंड तिकोन्यात बसणार हे ठरलं. पण लगेच दुसरा पेच उभा राहिला, आणि तोच खरा होता. पहिलं पाणी सोडत असताना घड्याळ चालूच राहणार, म्हणजे पैसे पाणी घेणाऱ्याचे. मग ते किती वेळ सोडायचं? स्वच्छ होईपर्यंत. स्वच्छ झालं हे कोण म्हणणार? लल्लन म्हणाला, मी म्हणेन. सुदामा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला: तू तर तास विकतोस, तू उशिराच म्हणशील. लल्लन म्हणाला, आणि तुझ्यावर सोडलं तर तू पहिल्या मिनिटाला म्हणशील, मग पाइप तुंबेल तो माझा. दोघांचंही खरं होतं. मी माझ्या फडाची गोष्ट पुन्हा काढणार होते, कारण आमच्या पाटकऱ्याला यात आपला स्वार्थ नसायचा. पण इथे स्वार्थ नसलेलं माणूस आणायचं कुठून?

तेव्हा सुदामा दुलारीकडे न बघताच म्हणाला, "दुलारी कही. उहे त उहाँ रहेली."

लल्लन मोठ्याने हसला. म्हणाला, वाहतं पाणी जिच्या शेतात जाणार तीच सांगणार की पुरे? ही तर मांजरालाच दुधाची राखण झाली. माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं.

सुदामाने चराच्या मातीचं एक ढेकूळ पायाने फोडलं. "एतना दिन बिना कहले लेत रहली. अब कह के लेइहें."

इतके दिवस ती न सांगता घेत होती, आता सांगून घेईल, एवढंच त्याचं म्हणणं. लल्लनने पान थुंकलं आणि मिस्त्रीला हात केला. दुलारीने भाऱ्यातला पुदिना सोडला आणि मुळं परत ओल्या मातीत दाबायला लागली.

परतीच्या वाटेवर दादा आणि माझी पैज लागली. मी म्हटलं, बाई चांगली आहे, पण दर खेपेला थोडं जास्त सोडेल. कोणीही सोडेल. अर्थशास्त्र माणसाच्या चांगुलपणावर चालत नाही. आणि हे सुदामाला महाग पडणार, कारण तो थोडं थोडं पाणी घडीघडी घेणार आहे. एकदा जास्त गेलं तर चालेल, रोज गेलं तर कोबी बुडाली आणि तो परत गव्हावर येणार. मग लल्लन म्हणेल, बघा, बाईच्या हातात दिलं. आणि झडप तिच्या हातातून गेली की तिकोना गेलाच. दादा म्हणाला, "तू हिशेब बरोबर करतेस. पण रुक जा, बघू."

पहिलं पाणी

पौर्णिमेला घाटांवर देवदिवाळी. सगळी काशी पणत्या विकत घेत होती, आणि आम्ही सकाळी राजातालाबच्या पुढे. पाइप मातीखाली गेला होता. बरह्याच्या जागी नुसती नांगरलेली माती, नवखा माणूस तिथे पाट होता म्हणणार नाही. सुदामाने टोकाला फुलकोबीची रोपं लावली होती. लावून दोन दिवस झालेले, ऊन चढू लागलं की पानं मान टाकायची. पहिल्या चाचणीचं पाणी त्याच्याचसाठी होतं आणि घड्याळही त्याचंच.

शिवारातले दहा-बारा जण आंब्याखाली जमले. पंपाकडून हाळी आली. पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग मोठ्याने खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि तिकोन्यातल्या तोंडातून लालसर पाणी उसळलं. दुलारी झडपेपाशी उभी, पदर खोचलेला. पाणी अळवात शिरलं, पुदिन्याच्या ओळींतून पसरलं. लल्लन घड्याळाकडे बघत होता. सुदामा आपल्या रोपांकडे. मी हातात एक काचेचा पेला घेऊन आले होते, त्यात मधून मधून पाणी धरून उन्हात बघत होते. पंचनामा पुराव्याशिवाय कसा होणार.

लाल पाणी पिवळसर झालं. अळवाचा अर्धा वाफा भिजला होता, अर्धा कोरडा. पुदिन्याच्या शेवटच्या ओळी अजून तहानलेल्या होत्या. मला वाटलं, आता आणखी बराच वेळ जाईल.

"बंद करा हो. साफ हौ," दुलारी म्हणाली आणि तिने स्वतःच झडप फिरवली.

पाणी तुटलं. थोड्या वेळाने टोकाकडून सुदामाचा आवाज आला, पोचलं. लोक तिकडे गेले. लल्लनने जाता जाता दुलारीकडे एकदा पाहिलं आणि घड्याळ मनगटावर नीट सारखं केलं. मी मात्र तिथेच उभी होते, कारण माझ्या पेल्यातल्या पाण्याच्या तळाशी अजून मातीची रेघ दिसत होती. पाइप तुंबेल इतकी नाही, पण होती.

मी तिला विचारलं, अजून थोडं चाललं असतं, कुणी काही म्हटलं नसतं. मग इतक्या लवकर का?

तिने पदर सोडून हात पुसले. "दीदी, तोहरे गाँव के पानी वाले के हर साल फेर से रखल जाला न?"

आमच्या पाटकऱ्याला दर पाडव्याला नव्याने नेमतात, हे तिने त्या दिवशी गवत काढता काढता ऐकलं होतं. मग ती भिजलेल्या वाफ्यातून पाणी हातांनीच कोरड्या ओळींकडे सारू लागली. मी पेल्यातलं गढूळ पाणी अळवाच्या मुळाशी ओतलं, आणि संध्याकाळी घाटावर गुरुजींनी विचारलं तेव्हा सांगितलं की या वेळी मला काही सोडता येणार नाही.